पन्नास रुपयांची पावती



भुसावळला आपल्या पोरांची बैठक होती. विषय साधा. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जायचं, गाडीचं भाडं कसं जमवायचं. १९३७ साली बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते म्हणून दरसाल आपली माणसं तिथं जमतात, हे तुम्हाला सांगायला नको. वर्गणीचं बोलणं चाललं आणि एक पोरगा उठला. म्हणाला, "दादा, घरोघरचं टीव्हीचं रिचार्ज बंद करा. ते पैसे चळवळीला द्या. टीव्हीत आपलं काय हाय? मोबाईलवर सगळं फुकट दिसतं."

टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. मागं साक्रीकडचा एक म्हातारा बसला होता, तो अहिराणीत एवढंच बोलला, "पैसा बंद करशी, तं हिशोब मांगाना हक बी बंद व्हई, भाऊ."

पोरं हसली. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना. म्हणून हा लेख.

टीव्ही बघायला सरकारला पैसे द्यावे लागत, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. रेडिओलाही लागत. १९८५ पर्यंत लायसन होतं. पोस्टात जायचं, पुस्तक पुढं करायचं, वर्षाचे पैसे भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. रेडिओचे १५ रुपये, टीव्हीचे ५०. उशीर झाला तर दंड वेगळा. माझा बाप रेल्वेत खलाशी होता. त्याला सही येत होती, बाकी लिहिणं-वाचणं फारसं नाही. पण ते लायसनचं पुस्तक तो रेल्वेच्या पासासोबत पत्र्याच्या पेटीत जपायचा. त्यावर त्याचं नाव होतं. सरकारच्या कागदावर आमच्या नावापुढं पैसे भरल्याचा शिक्का आहे, कर्जाचा नाही की खटल्याचा नाही, असा घरातला तो एकच कागद होता.

टीव्हीचं लायसन मात्र आमच्या वस्तीत कुणी काढलंच नाही. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याची आठवड्याची मजुरी ५० रुपये भरत नव्हती. आणि खरं म्हंजे वस्तीत टीव्ही आला तोवर लायसन गेलंच होतं. १९८७ सालच्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं, तेव्हा कुणी कर्ज काढून, कुणी फंडातून उचल घेऊन डबा आणला. दर रविवारी सकाळी त्याला हळदकुंकू वाहणारी घरं आपल्यातही होती. आता नाकारून काय उपयोग?

म्हंजे आपण टीव्हीच्या दारात गेलो ते फुकटे म्हणून. पैसे भरणारा म्हणून कधी गेलोच नाही. ह्या एका गोष्टीचा विचार आपल्या चळवळीनं केलेला नाही.

लायसन गेलं तेव्हा सगळे खूष झाले. पण पडदा चालवायचा खर्च तर कुणीतरी देणारच. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासूनच होत्या. १९८४ साली 'हम लोग' आलं ते मॅगीवाल्यांच्या पैशावर, आणि तिथून प्रायोजकाचं राज्य सुरू झालं. मग मालिका कुणासाठी बनणार? साबण-शेवया विकत घेणाऱ्यासाठी. जो विकत घेत नाही त्याची गोष्ट कोण दाखवणार? बैलबाजारात सौदा रुमालाखाली दोन माणसांच्या बोटांत होतो. बैल तिथंच उभा असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. आपण तिथं बैलाच्या जागी उभे आहोत.

कुणी म्हणेल, लायसन होतं तेव्हा काय मोठं स्वातंत्र्य होतं? बरोबर आहे. १९७५ ते ७७, आणीबाणीत, लायसन भरणाऱ्यानं काय ऐकलं? सरकारचीच वाणी ऐकली. पैसे पोस्टात पडायचे, तिथून सरकारच्या तिजोरीत जायचे, आणि यंत्र मंत्र्याच्या हाताखाली. १९७८ साली वर्गीज समितीनं सांगितलं, रेडिओ-टीव्ही सरकारच्या हातून काढून स्वतंत्र करा. कायदा झाला १९९० साली. तो सात वर्षं झोपून राहिला, प्रसार भारती उभी राहिली नोव्हेंबर १९९७ मध्ये. तरी पगार सरकारचा आणि मर्जीही सरकारची. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजचं चिन्ह भगवं झालं. विचारलं कुणाला? तुम्हाला-मला तर नाहीच.

तेव्हा पावती असली की हक्क मिळाला असं नाही. पण पावतीच नसेल तर भांडायचं कुठल्या कागदावर?

नंतर आपण किती देऊ लागलो ते बघा. २०१९ साली ट्रायचा नवा नियम लागू झाला. तेव्हा नुस्तं चॅनेल येण्याचं भाडं महिन्याला १३० रुपयांपर्यंत होतं, वर १८ टक्के जीएसटी. झाले १५३ रुपये ४० पैसे. पैशाचे चॅनेल घेतले तर आणखी वेगळे. ह्यातला कर तेवढा काढा, महिन्याला २३ रुपये ४० पैसे. वर्षाचे २८० रुपये ८० पैसे. १९८५ साली ५० रुपयांचं लायसन माफ केलं म्हणून टाळ्या घेतल्या, आणि नंतर नुस्तं बघण्यावरचा कर तेवढा २८० वर नेऊन ठेवला. तेव्हाचे ५० आजचे ५० नव्हेत, हे मला कळतं. पण तेव्हा पैसे कशाचे ते पुस्तकावर लिहिलेलं असे. आज केबलवाला चिठ्ठीसुद्धा देत नाही. आमच्या वस्तीतल्यानं चार महिने आगाऊ घेतले आणि दुसऱ्याच महिन्यात तारा गुंडाळून गेला. कुणाकडं जाणार?

दुसरी वाट आहे, फुकटी छत्री. दूरदर्शनची ही डिश डिसेंबर २००४ पासून आहे. डबा-छत्री एकदा घेतली की महिन्याचं काही नाही. शेतमजुराच्या, वीटभट्टीवाल्याच्या घरावर तीच दिसते. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं सुमारे अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली, तीत आकांक्षित जिल्ह्यांसकट दुर्गम आणि आदिवासी भागांत आठ लाख डबे फुकट वाटायचं ठरलं. आपला नंदुरबार त्या आकांक्षित यादीत आहे. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळ्याचाच भाग होता. डबा चांगलाच. पण त्या डब्यात खाजगी चॅनेलला जागा मिळते ती लिलावात, कोटी-कोटींच्या बोलीनं. बोली लावायला आपल्या माणसाकडं कोटी कुठले? गरिबाच्या घरावरची छत्री गरिबाला फुकट, आणि तिच्यातून त्याच्या घरात शिरायचा हक्क श्रीमंताला विकत.

आता पडद्यावरच्या बाबासाहेबांकडं येतो, कारण पैसा कुणाचा होता हे तिथं स्वच्छ दिसतं. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० सालचा. पैसा जनतेचा, सरकारी तिजोरीतला. माणूस मोठा दाखवला, अभ्यास करून दाखवला. मामुटींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण सिनेमा मुळात इंग्रजीत, आणि आपल्या आयाबायांना तो बघायला मिळाला का, किती वेळा? दुसरं, श्याम बेनेगलांचं 'संविधान'. २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर दहा भागांत आलं. बाबासाहेब झाले होते सचिन खेडेकर. घटना समितीतला वाद एवढा मन लावून दाखवणं हे जाहिरातीच्या पैशावर होणारं काम नाही. मसुद्याच्या एका कलमावर चाललेल्या भांडणाला कोण साबणवाला प्रायोजक मिळणार? पण तीही वस्तीत किती जणांनी पाहिली? राज्यसभा टीव्ही हे चॅनेल लागतं कितव्या नंबरावर, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि तिसरी, २०१९ ची स्टार प्रवाहवरची मालिका. पैसा जाहिरातीचा आणि रिचार्जचा. सासू-सुनेच्या मालिकांच्या रांगेत बसवलेली, त्याच चालीची. ढोल वाजवून डोळ्यांत पाणी आणायचं, प्रसंग अर्ध्यावर तोडायचा, मग जाहिरात. आपल्या शहाण्या टीकाकारांनी नाकं मुरडली, मीही मुरडली. पण खोटं कशाला बोलू? माझ्या आईनं रमाईला पडद्यावर पहिल्यांदा मनापासून पाहिलं ते ह्या मालिकेत. भाकरी थापता थापता, मराठीत, रोज. जनतेच्या पैशाचं चांगलं काम जनतेपर्यंत आलं नाही, आणि भांडवलदाराचं कच्चं काम चुलीपर्यंत आलं. दूरदर्शनला पैसा द्यावा म्हणणाऱ्यानं आधी ह्याचं उत्तर द्यायला पाहिजे. चांगलं बनवलं म्हणून सुटका नाही. पोचवलं का?

आता त्या पोराचं 'मोबाईलवर सगळं फुकट'.

जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी. विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या दोन कोवळ्या पोरांना नागवं करून मारलं. हे जगाला कळलं ते मोबाईलच्या व्हिडिओमुळं. व्हिडिओ फिरला, मगच सगळी चॅनेलं वाकडीला धावली. फोन नसता तर विहिरीतलं विहिरीतच राहिलं असतं. इथपर्यंत पोराचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण त्यानंतर तीनच आठवडे. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. पोरं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. भटक्या जमातीची माणसं, ज्यांना गाव नाही, ज्यांच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं. हीही फुकट बातमीच होती, मित्रहो. तिलाही रिचार्जशिवाय काही पडलं नव्हतं.

खानदेशातले दोन जिल्हे, एकवीस दिवस, आणि तोच फोन. वाकडीचा व्हिडिओ खरा होता, राईनपाड्याची अफवा खोटी. फोनला त्यातला फरक कळत नाही. फरक कळायला जागेवर जाणारा माणूस लागतो. दोन्ही बाजूंना विचारणारा लागतो. अहिराणीत, भिलीत, पावरीत लोकांना 'हे खोटं आहे' असं ओळखीच्या आवाजात सांगणारा लागतो. त्याला पगार लागतो. तो पगार जाहिरातदार देणार नाही, कारण साक्रीच्या पाड्यावर त्याचं गिऱ्हाईक नाही. पुढाऱ्यानं दिला तर बातमी पुढाऱ्याची होईल. मग उरतो कोण?

जळगावला आकाशवाणी आहे, धुळ्यालाही आहे. इमारत आपली, यंत्र आपलं. इतकंच काय, हवासुद्धा आपली. हे मी नाही म्हणत, सुप्रीम कोर्ट म्हणतं. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल आहे, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हेच सावंत पुढं एल्गार परिषदेच्या आयोजकांत होते, हे तुम्हाला आठवत असेल. पाणवठा सार्वजनिक आहे असं कागदावर आलं, तरी महाडला चालत जावं लागलं होतं. हवेच्या पाणवठ्यावर आपण अजून गेलेलोच नाही.

बाहेर काय चाललंय तेही बघा. इंग्लंडात बीबीसीचं लायसन अजून आहे. २०२५ साली वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स. न भरता बघितलं तर फौजदारी, आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्यांत बायकाच जास्त, कारण दार ठोठावलं तेव्हा घरात त्याच असतात. बीबीसीची सनद २०२७ अखेर संपते म्हणून तिथंही आता हाच वाद पेटलाय. फ्रान्सनं २०२२ साली फीच रद्द केली. म्हणून जुनं ५० रुपयांचं लायसन परत आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. बंगल्याला आणि झोपडीला एकच फी ही फसवणूक आहे. फी घ्यायचीच तर ऐपतीप्रमाणं घ्या, आणि भरणाऱ्याला हिशोब मागायचा व कारभारात बसायचा हक्क द्या. हे नसेल तर एक पैसा देऊ नये. हे असेल तर मी माझ्या पेन्शनीतून पहिला देईन.

नुस्ता पैसा टाकून जागा मिळत नाही, हे आपल्याला १९२० सालीच कळलंय. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार नव्हता. म्हणून स्वतःचा कागद लागतो. पण 'बहिष्कृत भारत' बंद पडला तो पैशावाचून, हेही आपणच विसरतो. त्या बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या ह्या अंकाची वर्गणी भरलीय, ते संपादकांना विचारा. मी विचारलं. आकडा छापायची लाज वाटते.

तेव्हा रिचार्ज ठेवायचं की तोडायचं, ते ज्यानं त्यानं खिसा बघून ठरवावं. मला त्यात रस नाही. मला ती पावती पाहिजे. आणि ती मिळायची एक बारीकशी वाट आहे. प्रसार भारती माहितीच्या अधिकारात येते. २००५ चा कायदा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. पोस्टल ऑर्डर पोस्टातच मिळते, जिथं माझा बाप पुस्तक घेऊन रांगेत उभा राहायचा त्याच ठिकाणी.

मी एक काढली. अर्जात चारच प्रश्न. जळगाव आणि धुळे केंद्रांवरून गेल्या वर्षात अहिराणी, भिली, पावरी बोलींत किती तास कार्यक्रम झाले? बाहेरच्या कलावंतांना-वार्ताहरांना मानधन किती दिलं, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती? कार्यक्रम सल्लागार समिती आहे का, असेल तर तिच्यावर कोण आहे? लांडोर बंगल्याच्या ३१ जुलैचं ध्वनिमुद्रण संग्रहात आहे का, असेल तर कुठल्या कुठल्या सालचं?

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. धुळ्याच्या मित्रांनी वेगळा अर्ज करावा, प्रश्न हेच ठेवावेत. दोन्ही उत्तरं आली की शेजारी-शेजारी छापू. त्या साक्रीच्या म्हाताऱ्याला मी अंक पोचवणार आहे. त्यानं वर्गणी भरलीय.