मेंटॉरिंग उपक्रमातील मेंटीचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना : कामाच्या ठिकाणी नवागताला अनुभवी सहकाऱ्याचे मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या व्यवस्थेस मेंटॉरिंग म्हणतात. मार्गदर्शन करणारा तो मेंटॉर व घेणारा तो मेंटी. या व्यवस्थेची चर्चा बहुधा मेंटॉरच्या पात्रतेभोवतीच फिरते; मेंटीलाही प्रशिक्षण लागते, ही बाब दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

संकल्पनेचे मूळ : 'मेंटॉर' हे नाव होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यातील आहे. तेथे अथेना देवी मेंटॉरचे रूप घेऊन तरुण टेलेमॅकसला सोबत करते. वृद्ध नेस्टॉरला प्रश्न कसा विचारावा, या संकोचाने टेलेमॅकस अडखळतो, तेव्हा अथेना त्याला विचारण्याचे धैर्य देते. अर्थात, मेंटीची तयारी हा या संकल्पनेचा गाभाच होय.

सिद्धान्त व धोरण : कॅथी क्रॅम यांनी 'मेंटॉरिंग ॲट वर्क' (१९८५) या ग्रंथात या संबंधाचे प्रारंभ, जोपासना, विलगता व पुनर्व्याख्या असे चार टप्पे मांडले. मेंटी पुढे स्वतंत्र होणार, हे त्यात गृहीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मेंटॉरिंगच्या राष्ट्रीय अभियानाचा उल्लेख करताना ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांनी महाविद्यालयीन अध्यापकांना साहाय्य करावे, असे म्हटले आहे. मेंटीने कोणती तयारी करावी, याविषयी मात्र तेथे काहीच नाही.

अनुभव : प्रस्तुत लेखकाच्या सेवेच्या पहिल्या वर्षी नेमलेले मार्गदर्शकच मूल्यमापन अहवालही लिहीत असत. आपले शिकविणे विद्यार्थ्यांना समजत नाही, ही कबुली त्यांच्यापुढे देण्याचे धाडस वर्षभर झाले नाही. त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

प्रशिक्षणाचे स्वरूप : स्वतःची अडचण नेमक्या शब्दांत मांडणे, भेटीपूर्वी प्रश्न लिहून आणणे, न पटलेल्या सल्ल्याविषयी आदर राखून मतभेद नोंदविणे आणि गोपनीयतेच्या मर्यादा जाणणे, या चार गोष्टी मेंटीला शिकविता येतात. तथापि, मेंटॉर हाच मूल्यमापक असेल तर असे प्रशिक्षणही निष्फळ ठरते. भीती कौशल्याने जात नाही.

निष्कर्ष : मेंटीच्या प्रशिक्षणापूर्वी मार्गदर्शन व मूल्यमापन यांची फारकत करणे अगत्याचे आहे. या दोन्ही गोष्टी साधल्या नाहीत तर मेंटॉरिंग हा केवळ नोंदवहीतील उपक्रम उरेल.