लस, सक्ती आणि विश्वास

ग्रंथाचें परीक्षण करतांना ग्रंथकारानें प्रश्न कोणता घेतला आणि उत्तर कोणत्या प्रश्नाचें दिलें, हें ताडून पाहण्याचा परिपाठ आहे. सार्वजनिक वादांनाहि हीच कसोटी लावावी, असें आम्हांस वाटतें. इ. स. २०२१ व २०२२ या दोन सालांत करोनाच्या लसीविषयीं मुंबईंत जो वाद माजला, त्यांतील निवेदनें, सरकारी आज्ञा व न्यायनिवाडे आतां शांतपणें वाचतां येतात. ते वाचून आमचा असा ग्रह झाला आहे कीं, उभय पक्षांनीं दोन निराळे प्रश्न एकाच दाव्याला बांधले. लस गुणकारी आहे काय, हा एक. आणि ती न घेणाराची वाट अडवावी काय, हा दुसरा.

हा घोळ या शहराला नवा नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यांत आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत सुमारें निम्म्या कैद्यांनीं स्वखुशीनें लस घेतली. त्यांपैकीं २ आजारी पडले, मेला कोणी नाहीं. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले व ६ दगावले. पुरावा इतका बोलका असतां लोक बिचकले कां? कारण त्याच वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा आला आणि त्याबरोबर घरझडत्या व सक्तीचें विलगीकरणहि आलें. जो हात दार फोडतो, त्याच हातांतील सुईवर विश्वास कसा बसावा? पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर व्हावयास १९०७ साल उजाडलें.

आतां अलीकडचें पाहूं. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांस लोकलगाडी खुली झाली. मात्र दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस लोटलेले असावेत, अशी अट होती. कागदोपत्रीं लस ऐच्छिकच होती. परंतु डोंबिवलीहून गिरगांवांत स्वयंपाकास येणारी तिशींतील एखादी बाई वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. तिच्या वयाच्या सर्वांना लस मोकळी झाली ती जूनच्या उत्तरार्धांत. पहिल्याच दिवशीं तिनें रांग धरली असें मानलें, तरी कोविशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचें अंतर आणि वर १४ दिवस. म्हणजे सप्टेंबर संपत येईपर्यंत गाडी बंदच. तिनें लस नाकारली नव्हती, तरी शिक्षा तिला झाली. उलट मे महिन्यांत दादरला वृद्धांना व अपंगांना मोटारींत बसूनच लस मिळण्याची सोय झाली होती. अशी एक सोय दहा आज्ञापत्रांहून अधिक पटवून देते.

विरोधकांचा युक्तिवादहि आम्हांस निर्दोष वाटत नाहीं. 'लस घेतलेल्यालाहि रोग होतो, तस्मात् लस निरुपयोगी,' हें त्यांचें आवडतें अनुमान. भायखळ्याच्या तुरुंगांतहि टोचलेले २ आजारी पडलेच होते. पण तेथें मोजावयाचे होते ते मृत्यु. करोनाच्या लसीनेंहि संसर्गापेक्षां गंभीर आजार व मरण यांस अधिक आवर घातला. मात्र याच सत्यानें सक्तीचा पायाहि डळमळतो. ओमायक्रॉनच्या लाटेंत तर लस घेतलेलेहि रोग पसरवूं शकतात हें उघड झालें. मग गाडींतून एकालाच खालीं उतरविण्याचें कारण दुबळें होतें. रुग्णालयांतील खाटांवरचा भार कमी व्हावा, हें कारण उरतें व तें क्षुल्लक नाहीं. पण तें सांगावयाचें तर स्पष्टपणें सांगावें.

फेब्रुवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें लोकलविषयक आज्ञा विहित पद्धति सोडून काढल्या गेल्याचें दाखवून दिलें. २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, लस घेण्यास कोणावरहि बळजबरी करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. सरकारचें लसीकरणाचें धोरण त्यानें अवास्तव ठरविलें नाहीं. सार्वजनिक हितासाठीं प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा अधिकारहि मान्य केला. परंतु न टोचलेल्यांपासून रोग अधिक पसरतो असा पुरावा पुढें न आल्यामुळें तत्कालीन निर्बंध प्रमाणशीर नाहींत, असें म्हटलें. आणि लसीच्या दुष्परिणामांची माहिती प्रसिद्ध करण्यास सांगितलें. या साऱ्या वादांत दोन प्रश्न वेगळे ठेवणारें लिखाण आमच्या मतें हेंच.

आम्ही स्वतः लसीचे पक्षपाती आहों, आणि म्हणूनच हें लिहीत आहों. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळला गेली. त्यांचें नांव धारण करणारी संस्था आजहि तेथें उभी आहे. पुढची साथ येईल तेव्हां या शहराला लस मिळेल, याविषयीं आम्हांस फारशी शंका नाहीं. ती घेऊन येणाराला लालबागच्या चाळींत दार उघडलें जाईल कीं नाहीं, याची मात्र चिंता वाटते. आणि तें गेल्या खेपेस आपण लोकांशीं किती खरें बोललों, यावर अवलंबून राहील.