‘परिस्थितीवर मात’ : एका वाचनसवयीबद्दल

बाहेर पाऊस आहे, तरी एवढी मंडळी आलात, बरं वाटलं. मागच्या खेपेला आपण आत्मचरित्रातल्या खऱ्याखोट्याबद्दल बोललो. आजचा विषय त्याला लागूनच आहे. माणसाची पार्श्वभूमी आणि त्याच्या वाट्याला आलेल्या अडचणी त्याचं आयुष्य कसं घडवतात, असा तो कागदावर लिहिलेला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात कोणी संपवू शकणार नाही. म्हणून आपण त्याचं एकच टोक धरू. अशा आयुष्यांबद्दल जी पुस्तकं मराठीत आली, ती आपण वाचतो कशी?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक चौकट ठरलेली असते. वडील रिक्षा चालवतात, आई धुणीभांडी करते, घर दहा बाय दहाचं आणि मुलीला ब्याण्णव टक्के. मथळाही ठरलेला: परिस्थितीवर मात. आपण ती चौकट वाचतो, डोळे पुसतो, नातवंडांना पाठवतो आणि वर दोन शब्द लिहितो, ‘बघा जरा’. त्या मुलीच्या आनंदाबद्दल आपली काहीच तक्रार नाही. तिला पेढे मिळालेच पाहिजेत. तक्रार आहे ती त्या चौकटीबद्दल. ती आता वर्तमानपत्रात राहिलेली नाही, आपल्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसली आहे.

‘बलुतं’ आलं 1978 साली. मग ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘झोंबी’, ‘आमचा बाप आन् आम्ही’, ‘कोल्हाट्याचं पोर’, 2003 साली ‘आयदान’. पंचवीस वर्षांत मराठीत एक असं कपाट उभं राहिलं, की ज्याचा कुठल्याही भाषेनं हेवा करावा. आणि आपण काय केलं? त्यातल्या प्रत्येक पुस्तकावर तीच चौकट चिकटवली. व्याख्यानात, प्रस्तावनेत, गौरवसमारंभात एकच वाक्य: प्रतिकूल परिस्थितीवर मात करून लेखक इथवर पोहोचला. आम्ही मास्तर लोक यात सगळ्यांत पुढे होतो, हे कबूल केलं पाहिजे. पन्नास मिनिटांच्या तासात ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून टाकलं की पुस्तक संपतं आणि घंटाही वेळेवर होते.

आता ‘झोंबी’ घ्या. आनंद यादवांचं, 1987 चं. कागलचं शेतकरी घर. बाप पोराला शाळेतून काढतो आणि शेतात जुंपतो. पोराला शिकायचंय. पुढे पोरगा शिकतो, प्राध्यापक होतो, लेखक होतो. झाली की चौकट! पण तो पुन्हा शाळेत गेला कसा, ते आठवा. पोरगा आणि त्याची आई दोघं दत्ताजीराव देसायांकडे जातात. बाप ज्याच्यापुढे मान वर करणार नाही असा गावातला एकच माणूस, त्याच्याकडे. आम्ही येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका, असं विनवतात. देसाई बापाला बोलावून झाडतात, तेव्हा कुठे शाळेची वाट मोकळी होते. तीही अटीवर. आधी पिकाला पाणी, मग शाळा. म्हणजे बघा, त्या एका ‘जिद्दी’त पोराची ओढ आहे, नवऱ्याच्या चोरून कारस्थान रचणारी आई आहे आणि गावातल्या वजनदार माणसाचा एक शब्द आहे. त्या दिवशी देसाई घरी नसते तर? पोराची जिद्द तेवढीच राहिली असती. यादवांनी हे लपवलेलं नाही. लपवतो ते आपण, वाचताना.

इथे तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेऊ, घाबरू नका. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं. तिला आपण ‘नैतिक नशीब’ म्हणू. नेगेलचं म्हणणं साधारण असं, की माणसाला आपण त्याच्या कर्तृत्वाचं श्रेय देतो, पण त्यातून नशिबाचा भाग वजा करत चला. कुठल्या घरात जन्मला, ते वजा. कुठल्या काळात, ते वजा. मग स्वभाव. चिकाटी, सहनशक्ती, उद्याचा विचार करण्याची सवय, ही तरी त्यानं स्वतः निवडली का? तीही घरातून, आईच्या तोंडून, कधी बापाच्या माराच्या भीतीतून आलेली. तीही वजा. असं करत गेलं की ज्याचा सत्कार करायला आपण हार घेऊन उभे आहोत, तो माणूस बारीक होत होत दिसेनासाच होतो.

आपल्याकडे यावर हजारो वर्षांचं तयार उत्तर होतं: कर्म. गेल्या जन्मीचं म्हणून या जन्मीचं घर. ते उत्तर किती सोयीचं आणि किती क्रूर होतं, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. पण चौकटीतली ‘जिद्द’ त्या कर्माची नात तर नाही ना, हे विचारायला हवं. कारण ब्याण्णववाल्या मुलीनं परिस्थितीवर मात केली, असं म्हटलं की त्याच दहा बाय दहाच्या खोलीतल्या तिच्या भावाबद्दल, ज्याला बेचाळीस पडले, आपण काही न बोलताच बोलून जातो. त्याच्यात जिद्द नव्हती! पूर्वी गेल्या जन्मावर ढकलत होतो, आता स्वभावावर ढकलतो.

मात हा शब्द बुद्धिबळातला. मात झाली की डाव संपतो, सोंगट्या डब्यात जातात. परिस्थितीशी असा डाव संपतो का? डॉ. आंबेडकरांचं एक छोटं टिपण आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. वीसेक पानांचं, इंग्रजीत लिहिलेलं, त्यांच्या हयातीत पुस्तकरूपानं न आलेलं. त्यात 1901 मधला प्रसंग आहे. साताऱ्याहून मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली: दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार.

आता त्याच टिपणातला 1929 चा चाळीसगावचा प्रसंग. मधे अठ्ठावीस वर्षं गेलेली. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी सगळं झालेलं. साहेब मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य आहेत. स्टेशनवर उतरतात. टांगेवाले नेत नाहीत. वस्तीतले लोक टांगा मिळवतात, पण हाकायला टांगेवाला तयार नाही. मग सवय नसलेला आपल्यातलाच एकजण लगाम हातात घेतो. वाटेत पुलावर अपघात होतो, साहेब टांग्यातून फेकले जातात, पाय मोडतो.

दोन्ही वेळा वाहन मिळालं आणि दोन्ही वेळा हाकणारा माणूस मिळाला नाही. ज्या देशात एवढा शिकलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्याची ही कथा. कोणी कोणावर मात केली म्हणायची? पार्श्वभूमी म्हणजे माणसाच्या पाठीमागे राहिलेली जागा, असं शब्दावरून वाटतं. ती इथे पुढच्या स्टेशनावर येऊन उभी आहे, टांगेवाल्याच्या नजरेत. ती बदलायला आंबेडकरांची जिद्द पुरणार नव्हती, टांगेवाला बदलायला हवा होता. म्हणूनच की काय, त्या टिपणात स्वतःच्या यशाबद्दल अवाक्षर नाही. उलट काही प्रसंग चक्क दुसऱ्यांचे आहेत. आत्मकथा लिहिताना माणूस दुसऱ्यांची दुःखं मधे घालतो, ही गोष्ट ‘मी कसा वर आलो’ या साच्यात बसतच नाही.

हे झालं बाहेरचं. आतलं काय होतं, ते पाहायला ‘बलुतं’कडे जावं लागतं. आणि आमच्या मते तरी या कपाटातलं हे अजूनही सगळ्यांत अवघड पुस्तक आहे.

दया पवारांनी केलेली योजना साधी दिसते. दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली हकिकत सांगतो आणि ऐकणारा आहे दया पवार, लेखक. दोघे एकच. धामणगावच्या महारवाड्यातला आणि मुंबईच्या कावाखान्यातला दगडू, आणि पांढरपेशा वस्तीत राहणारा, सभासंमेलनात दिसणारा दया. आम्ही वर्षानुवर्षं याला ‘निवेदनाची क्लृप्ती’ म्हणून शिकवलं. परीक्षेत पाच गुणांना. आज वाटतं, ती क्लृप्ती नव्हतीच. पार्श्वभूमीचं यापेक्षा अचूक वर्णन तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात आम्हाला भेटलेलं नाही. जो घडला तो आणि ज्यानं घडवून घेतलं तो, असे दोघे एकाच अंगात राहतात आणि एकमेकांना टाळत असतात. दयाला दगडू नको असतो. नावासकट नको असतो.

नावाचं काय घेऊन बसलात, असं म्हणू नका. आपल्या कांजूरमध्येच बघा. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कंपन्या गेल्या, टॉवर आले आणि जाहिरातीत कांजूरमार्ग पश्चिमेचं पवई झालं. मुलाखतीला जाणारी पोरं पत्ता सांगताना ‘पवईजवळ’ म्हणतात, आम्ही ऐकलंय. पूर्वेच्या कचराभूमीचा वास एका शब्दानं जातो, असं वाटतं बिचाऱ्यांना. हसण्यासारखं आहे, पण दगडूचा दया होताना जे झालं असेल, त्याचीच ही आपल्या मापाची आवृत्ती आहे.

पुन्हा पुस्तकाकडे. चौकट लावून ‘बलुतं’ वाचणारा एका ठिकाणी अडखळतो, अडखळायलाच हवा. ती जागा म्हणजे सई, दगडूची पहिली बायको. तिच्यावर तो संशय घेतो आणि तिला सोडतो. लेखक हे सांगताना स्वतःची बाजू राखत नाही. आता सांगा, हे ‘परिस्थिती’च्या खात्यात घालायचं की दगडूच्या? गरिबी, वस्ती, पुरुषांची ती दुनिया, सगळं मोजून झालं तरी काहीतरी उरतं. मघाशी नेगेलच्या वजाबाकीत माणूस दिसेनासा झाला होता ना? इथे तो परत येतो. यशाच्या जागी येत नाही, अपराधाच्या जागी येतो. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःचं श्रेय वजा होऊ द्यायला माणूस तयार असतो, पण ‘तिचं मी वाईट केलं’ यातला मी वजा करायला ‘बलुतं’चा लेखक तयार नाही.

पुस्तक आलं तेव्हा त्याच्यावर घरच्याच लोकांनी टीका केली, समाजाची लाज चव्हाट्यावर आणली म्हणून. त्या टीकेत राग होता, पण वाचन खरं होतं. त्यांना कळलं होतं की ही विजयाची गोष्ट नाही. कौतुक करणाऱ्या पांढरपेशांनी मात्र शाल घातली आणि जिद्दीचे गोडवे गायले. म्हणजे पुस्तक कोणी नीट वाचलं?

नावाकडेही आपण पाहत नाही. बलुतं म्हणजे गावकी करणाऱ्याला मिळायचा पिकातला वाटा. हक्क म्हणायचा आणि उपकारासारखा पदरात टाकायचा. दुःखाची गोष्ट सांगून बदल्यात मिळणारी शाबासकीही तशीच असते. दया पवारांच्या मनात हा अर्थ होता असा आमचा दावा नाही, पण शब्दात तो आहे.

‘आमचा बाप आन् आम्ही’बद्दल थोडक्यात. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ होते, त्यामुळे लोक त्यांची चढण वाचतात. आमचं मत वेगळं आहे. त्या पुस्तकातला जीव बापात आहे, मुलाच्या सांगण्यावरून उतारवयात लिहायला बसलेल्या त्या कामगारात. आपण कुठे पोहोचलो, हे सांगायची त्याला अजिबात घाई नाही.

आता एक कबुली, आणि मग थांबू. नोकरीत असताना आम्ही तिघे प्राध्यापक एका मदतनिधीच्या समितीवर होतो. कॉलेजचं नाव सोडून देऊ. अर्जाबरोबर एक पानभर लिहून आणायला सांगायचो: घरची परिस्थिती आणि तुम्ही तिच्यावर केलेली मात. विद्यार्थी लिहायचे, आम्ही वाचायचो आणि, खरं सांगायचं तर, निबंधाला गुण द्यावेत तसे क्रम लावायचो. ज्याचं पान वाचून गलबलून यायचं त्याला मदत. एका वर्षी याच पट्ट्यातल्या एका मुलानं पानावर दोनच ओळी लिहिल्या. घरची परिस्थिती सर्वसाधारण. वडील कंपनीत होते.

आम्ही अर्ज बाजूला ठेवला. ‘लिहिण्याचे कष्टही घेतलेले नाहीत’ असा शेराही मारला, अक्षर आमचंच होतं. त्या ‘होते’कडे तिघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. इथे राहणाऱ्यांना त्या क्रियापदाचा अर्थ सांगायला नको. कंपनीला टाळं लागल्यावर घरात काय होतं, ते आपण गल्लोगल्ली पाहिलंय. त्या वर्षी ज्याला मदत मिळाली तोही गरजूच होता, त्याचं पान खोटं नव्हतं. पण दिवाळीनंतर दोन ओळीवाला मुलगा तासाला दिसला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे वर्षअखेरपर्यंत फुल्या पडत गेल्या.

पुढच्या वेळी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊ. त्यांचे आजोबा सत्तावन्नच्या प्रकरणात फाशी गेले आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे वेड शिरलं, ते त्या पहिल्याच पानांत सांगतात. सांगताना आपल्याला हसवतात. का हसवतात, एवढा एकच प्रश्न मनात ठेवून सुरुवातीची पानं वाचून या. ज्यांच्याकडे प्रत नाही त्यांनी शेजारच्याकडून घ्या, पण परत करा. हं, मागे कोणाचा तरी हात वर आहे. विचारा.