गणिताचे वार्षिक नियोजन आणि परिभाषेचा प्रश्न

माध्यमिक शाळेत जून महिन्यात सिद्ध होणारा गणिताच्या वार्षिक नियोजनाचा तक्ता हा सामान्यतः टीकेचा विषय मानला जात नाही. तो शिक्षकांनी भरावयाचा, मुख्याध्यापकांनी स्वाक्षरी करावयाचा आणि तपासणीच्या वेळी पुढे ठेवावयाचा एक कागद होय, अशीच त्याच्याविषयी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः वर्षभरात कोणती कल्पना कोणत्या कल्पनेनंतर यावी, कशास किती वेळ द्यावा आणि कशास मुळीच देऊ नये, यांविषयीचे निर्णय त्या कागदात घेतलेले असतात. ज्या लेखात निर्णय असतात त्याची चिकित्सा होणे अवश्य असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गापुरते हे नियोजन भाषेच्या दृष्टीने तपासून पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम तक्त्याचे स्वरूप पाहावे. महिना, घटक, उपघटक, तासिका, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य आणि मूल्यमापन असे त्याचे रकाने असतात. घटकांची नावे पाठ्यपुस्तकातून घेतलेली असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी अशी सहा प्रकरणे आहेत. दुसऱ्या भागात समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन अशी सात. एकूण प्रकरणे तेरा. २०१९ च्या परीक्षेपासून दोन्ही भागांची स्वतंत्र लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची व दोन तासांची, आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे, अशी व्यवस्था सुरू झाली.

वेळेचा हिशेबही मांडून पाहिला पाहिजे. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुमारे अठ्ठावीस आठवडे भरतात. दिवाळीची सुटी, गणेशोत्सव, सत्रपरीक्षा आणि इतर सुट्या वगळल्या तर अध्यापनाचे तेवीस आठवडे उरतात असे धरू. आठवड्यास सात तासिका मिळाल्या तर एकूण तासिका सुमारे १६० होतात, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या वाट्यास बाराच्या आसपास. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. तेथे आणखी काही तासिका कमी होतात. पूर्वी मार्चात होणारी शालान्त परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, हेही ध्यानात ठेवावयास हवे. तेव्हा शिक्षकांपाशी वेळ थोडा आहे, ही गोष्ट कोणत्याही टीकाकाराने आरंभीच मान्य केली पाहिजे. ती मान्य न करता केलेल्या सूचना ह्या केवळ सदिच्छा ठरतात.

पाठ्यपुस्तकातील प्रकरणांचा क्रम सदोष आहे असेही म्हणता येणार नाही. भूमितीच्या भागात तर तो विचारपूर्वक लावलेला दिसतो. समरूपतेच्या आधारे पायथागोरसचे प्रमेय सिद्ध होते. वर्तुळाच्या प्रकरणातील छेदिकांची व स्पर्शिकेची प्रमेये समरूप त्रिकोणांवरच उभी आहेत. निर्देशक भूमितीतील अंतराचे सूत्र म्हणजे पायथागोरसचे प्रमेयच होय. आणि त्रिकोणमितीतील गुणोत्तरे कोनावरच अवलंबून असतात, त्रिकोणाच्या आकारमानावर नसतात, ह्याचे कारण पुन्हा समरूपतेतच सापडते. बीजगणितातही श्रेढीतील पदांच्या बेरजेवरून पदांची संख्या काढताना वर्गसमीकरण सोडवावे लागते. कल्पनांची अशी एक साखळी पुस्तकात आहे. नियोजनाच्या तक्त्यात मात्र ती साखळी दिसत नाही; तेथे तेरा सुटी नावे उरतात. दोन भागांच्या दोन प्रश्नपत्रिका असल्यामुळे दोन भागांमधील दुवे तर पूर्णपणे पुसले जातात. सांख्यिकीतील वृत्तालेख आणि महत्त्वमापनातील वर्तुळपाकळी ह्या दोहोंच्या मुळाशी केंद्रीय कोनाचे ३६० अंशांशी असलेले एकच गुणोत्तर आहे, हे तक्ता वाचणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही.

परंतु तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव याहून निराळी आहे. त्यात भाषेसाठी रकाना नाही. गणित ही चिन्हांची भाषा आहे, तिला मराठीची वा अन्य कोणत्या भाषेची फारशी गरज नाही, ही समजूत त्यामागे असावी. ही समजूत किती फसवी आहे हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण 'समरूप' आणि 'एकरूप' ह्या शब्दांचे. नववीपर्यंत विद्यार्थी एकरूप त्रिकोण शिकतो. दहावीत भूमितीच्या पहिल्याच प्रकरणात त्यास समरूप त्रिकोण भेटतात. गणितात एकरूपता म्हणजे आकार आणि आकारमान दोन्ही सारखी असणे, आणि समरूपता म्हणजे केवळ आकार सारखा असणे. व्यवहारातील मराठीत मात्र 'सम' आणि 'एक' यांमध्ये हा भेद नाही. उलट 'समरूप' ह्या शब्दातून 'अगदी सारख्या रूपाचे' असाच अर्थ सहज निघतो. म्हणजे येथे शब्दाची पारदर्शकता साहाय्य न करता दिशाभूल करते. बारा तासिकांपैकी काही मिनिटे तरी ह्या भेदावर खर्च झाली नाहीत, तर पुढील पाच-सहा प्रकरणांचा पाया कच्चा राहण्याचा संभव आहे.

दुसरे उदाहरण एकाच शब्दाच्या दोन अर्थांचे. बीजगणितात 'कंस सोडवा' असे सांगितले जाते आणि भूमितीत 'लघुकंस' व 'विशालकंस' येतात. सोमवारी एका तासाला एक कंस आणि मंगळवारी दुसऱ्या तासाला दुसरा. शब्द तोच, वस्तू निराळी. याच्या उलट प्रकार सांख्यिकीत आढळतो. तेथे 'मध्य', 'मध्यक' आणि 'बहुलक' ही तीन परिमाणे शिकावयाची असतात. पहिल्या दोहोंत एका अक्षराचा फरक आहे, आणि भूमितीतील 'मध्यगा' व 'मध्यबिंदू' हे शब्द विद्यार्थ्याच्या कानांत आधीपासून असतात. सरासरी म्हणजे मध्य हे पाठ करून उत्तर लिहिता येते. परंतु संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी ती मध्यक, आणि तरीही 'मध्य' हे नाव मात्र दुसरीस, ही विसंगती विद्यार्थ्यास बोचल्याशिवाय राहत नाही. ती बोचली आणि कोणी तिची दखल घेतली नाही, म्हणजे विद्यार्थी शब्दांचा अर्थ शोधण्याचे सोडून देतो. गणित समजत नाही अशी जी तक्रार ऐकू येते तिचा आरंभ बहुधा अशाच ठिकाणी होत असावा.

तिसरे उदाहरण वाक्यरचनेचे. 'एका संख्येची दुप्पट दुसऱ्या संख्येपेक्षा ५ ने जास्त आहे' हे विधान घ्यावे. पहिली संख्या क्ष आणि दुसरी य मानल्यास समीकरण २क्ष = य + ५ असे होते. विद्यार्थी मात्र अनेकदा २क्ष + ५ = य असे लिहितो. 'दुप्पट' आणि 'जास्त' हे दोन शब्द एकाच कर्त्याकडे जातात, म्हणून पाचही त्याच बाजूस जोडावेत असे त्यास वाटते. वस्तुतः 'पेक्षा' हा शब्द तुलनेचा आधार दाखवितो, आणि 'ने' हा प्रत्यय अंतराचे माप दाखवितो. हे व्याकरण आहे आणि तेच येथे गणितही आहे. मराठीच्या तासाला विद्यार्थी तृतीयेचे प्रत्यय पाठ करतो. गणिताच्या तासाला तोच प्रत्यय त्यास अडवितो. परंतु दोन विषयांचे नियोजन करणारे दोन तक्ते एकमेकांस ओळखत नाहीत.

चौथे उदाहरण 'जर–तर' रचनेचे. 'गृहपाठ केलास तर खेळावयास सोडीन' असे आई म्हणते तेव्हा, गृहपाठ केला नाही तर सोडणार नाही, हेही मूल बरोबर समजते. व्यवहारातील सांकेतिक वाक्य असे दुहेरी असते. प्रमेय मात्र एकेरी असते, आणि त्याचा व्यत्यास स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यासही सत्य असल्यामुळे तेथे ही गल्लत उघडकीस येत नाही. एकरूप त्रिकोण समरूप असतात, परंतु समरूप त्रिकोण एकरूप असतातच असे नाही, हे पहिल्या प्रकरणातील साधे उदाहरण त्याच ठिकाणी पुन्हा पुढे ठेवले तर पक्ष आणि साध्य यांतील भेद डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यासाठी पहिले प्रकरण 'पूर्ण झाले' असा शेरा तक्त्यात पडल्यावरही त्याकडे परत जाण्याची मुभा नियोजनात असावी लागते.

परिभाषेत अडचणीच आहेत असे नव्हे. तिच्यात न वापरलेले धनही आहे. वर्तुळाच्या प्रकरणात 'जीवा' आणि 'त्रिज्या' हे शब्द येतात, आणि काही आठवड्यांनी त्रिकोणमितीत 'साइन' येतो. तक्त्यात ह्या दोन प्रकरणांचा परस्परांशी संबंध नाही. शब्दांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. जीवा आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. भारतीय ज्योतिर्विदांनी अर्धी जीवा हीच कोनाची मोजणी करण्यास सोयीची म्हणून स्वीकारली. 'जीवा' हा शब्द अरबीत 'जीबा' झाला. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. त्याचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले आणि त्यावरून 'साइन' आला. त्रिज्या हा शब्दही तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या, ह्या अर्थाचा आहे. ही केवळ मनोरंजक माहिती नव्हे. वर्तुळात ६० अंशांचा केंद्रीय कोन काढावा. दोन त्रिज्या आणि जीवा मिळून समभुज त्रिकोण होतो, म्हणून जीवा त्रिज्येएवढी असते. तिची अर्धी लांबी भागिले त्रिज्या म्हणजे एक द्वितीयांश. आणि हेच ३० अंशांच्या कोनाचे साइन होय. एका तासिकेत दोन प्रकरणे जोडली जातात, आणि परका वाटणारा शब्द घरचा ठरतो.

'श्रेढी' ह्या शब्दाचीही अशीच कथा आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, श्रेढीव्यवहार हे प्रकरण आहे, आणि त्यात आदि, चय, गच्छ अशी संपूर्ण परिभाषा आहे. आजच्या पुस्तकात प्रकरणाचे नाव टिकले आणि आतील शब्द गेले. गच्छ आणि चय पुन्हा आणावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु एकटा उरलेला शब्द उघडून दाखविल्यावाचून तो विद्यार्थ्यास निरर्थक ध्वनी वाटावा, यात नवल नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. संस्कृत समास उघडून दाखविणे हे ज्यांच्या घरी तशी भाषा बोलली जाते त्यांच्याच उपयोगाचे नाही काय? हा आक्षेप दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा खानदेशातील अहिराणी बोलणाऱ्या मुलास 'समद्विभुज' आणि 'आयसोसेलिस' हे दोन्ही शब्द प्रथमदर्शनी सारखेच परके असतात. परंतु त्यांत एक फरक आहे. 'समद्विभुज' मधील सम, द्वि आणि भुज हे तिन्ही घटक त्याच मुलास मराठीच्या, गणिताच्या व इतर विषयांच्या पुस्तकांत अन्यत्रही भेटतात. म्हणून एकदा केलेली फोड पुन्हा उपयोगी पडते. ज्या शाळांत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते त्या अर्ध-इंग्रजी वर्गांत ही सोयही उरत नाही; तेथे तर आधीच्या इयत्तांतील मराठी संज्ञा आणि नव्या इंग्रजी संज्ञा यांची सांगड घालण्याचे काम नियोजनात स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे. ज्याच्या घरी भाषेचे भांडवल कमी त्यास तक्त्यातील भाषेच्या रकान्याची गरज अधिक, असाच ह्या आक्षेपाचा खरा निष्कर्ष आहे.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन सुचविले गेले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादातील मतांविषयी काहीही म्हणावयाचे असले तरी एक गोष्ट त्याने सिद्ध केली : गणिताच्या शब्दांविषयी समाज उदासीन नाही. दुसरीतील संख्यानामांविषयी जी जागरूकता दाखविली गेली तिचा अंशही दहावीतील परिभाषेच्या वाट्यास आला नाही, हे आश्चर्य आहे. कारण दुसरीतील मुलास चूक सुधारण्यास पुढे आठ वर्षे असतात, दहावीतील विद्यार्थ्यास आठ महिनेही नसतात.

यावरून निघणारी सूचना लहान आहे. नियोजनाच्या तक्त्यात 'शब्द आणि वाक्य' असा एक रकाना असावा. त्यात प्रकरणातील नव्या संज्ञा, त्यांचे व्यवहारातील अर्थाशी असलेले साम्य अथवा विरोध, आणि ज्या वाक्यरचनेवर विद्यार्थी अडखळतो ती रचना यांची नोंद व्हावी. प्रत्येक प्रकरणास यासाठी एक तासिका दिली तर १६० पैकी १३ तासिका, म्हणजे शेकडा आठ, खर्च होतात. हा खर्च अल्प नाही, हे खरे; परंतु उदाहरण समजले नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा सोडवून दाखविण्यात जाणाऱ्या तासिका कोणत्याच रकान्यात मोजल्या जात नाहीत, हेही तितकेच खरे. अशा तासिकेने प्रत्येक विद्यार्थी गणितात प्रवीण होईल असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र जो विद्यार्थी गणितात नव्हे तर गणिताच्या मराठीत अनुत्तीर्ण होतो, त्याचे अपयश तरी योग्य नावाने ओळखले जाईल; आणि नियोजन करणाऱ्याने जूनमध्येच ते ओळखले तर फेब्रुवारीत त्यास आळा घालणे अशक्य नाही.