आलेखाचे अध्यापन : रेखन आणि वाचन

शालेय गणितात व विज्ञानात आलेखाला स्थान मिळून पुष्कळ काळ लोटला आहे. परंतु त्याचे प्रयोजन विद्यार्थ्याच्या मनात उतरले आहे असे म्हणता येत नाही. आलेख काढता येणे आणि आलेख वाचता येणे या दोन निराळ्या सिद्धी होत. पहिलीत अक्ष आखणे, प्रमाण ठरविणे, बिंदू स्थापन करणे व ते जोडणे या क्रिया येतात. दुसरीत दोन बदलत्या राशींमधील संबंध रेषेच्या आकारावरून ओळखणे येते. रूढ अध्यापन पहिलीवर संतुष्ट राहते आणि दुसरी आपोआप मागून येईल असे गृहीत धरते. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

बालभारतीने इयत्ता नववीसाठी २०१७ साली व दहावीसाठी २०१८ साली प्रसिद्ध केलेली पाठ्यपुस्तके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडविण्यासाठी आलेख येतो : समीकरणावरून क्रमित जोड्या, जोड्यांवरून बिंदू, बिंदूंवरून रेषा आणि दोन रेषांच्या छेदनबिंदूवरून उकल. पाठोपाठ निश्चयकाची रीत येते. तिने उत्तर अधिक त्वरेने मिळत असल्यामुळे आलेखाची गरज संपते. नववीच्या विज्ञानात वेग-काल आलेखावरून गतिविषयक समीकरणे सिद्ध केली आहेत. ही सिद्धता सुंदर आहे; तथापि सूत्र हाती आल्यावर उदाहरणे सूत्रानेच सुटतात. दोन्ही ठिकाणी आलेख ही अन्यत्र जाण्याची पायरी ठरते. तो स्वतः काय सांगतो, हा प्रश्न मागे राहतो.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे एखाद्या परिचित उदाहरणावरून स्पष्ट होईल. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. हा सारा धानाचा मुलूख. माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या यांच्या पाण्यावर येथील शेती पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. अशा भागातील विद्यार्थ्याला तलावाची पातळी चढताना व उतरताना पाहण्याची सवय असते. समजा, एका तलावात २४० सेंटिमीटर पाणी आहे आणि पाणी सोडण्यास आरंभ केल्यापासून ३० दिवसांनी ते १८० सेंटिमीटरवर आले. पातळी दिवसाला सरासरी २ सेंटिमीटर उतरली. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटरला १० दिवस आणि य-अक्षावर १ सेंटिमीटरला २० सेंटिमीटर पातळी असे प्रमाण घेतले, तर या दोन नोंदींना जोडणारी रेषा क्ष-अक्षाशी ४५ अंशांचा कोन करते. य-अक्षाचे प्रमाण १ सेंटिमीटरला १० सेंटिमीटर असे केले की तोच कोन सुमारे ६३ अंशांचा होतो. पाणी मात्र दोन्ही कागदांवर दिवसाला २ सेंटिमीटरच उतरते.

येथे गणित व विज्ञान या दोन विषयांमधील दुरावा उघड होतो. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ म्हणजे तिने क्ष-अक्षाशी केलेल्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर, असे शिकविले जाते. दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण असताना ही व्याख्या निर्दोष आहे. विज्ञानातील आलेखात अक्षांवरील राशी भिन्न, त्यांची एककेही भिन्न. तेथे कागदावरील कोनाला स्वतंत्र अर्थ नसतो आणि चढ म्हणजे बदलाचा दर एवढेच खरे असते. चढ हा एकच शब्द दोन तासिकांना दोन अर्थांनी येतो आणि त्यांचा सांधा कोणीही जुळवून देत नाही.

दुसरा दोष सरळ रेषेच्या अतिपरिचयाचा होय. पहिल्या महिन्याची रेषा तशीच पुढे वाढविली, तर हे पाणी १२० दिवस पुरेल असे दिसते. परंतु तलावाचा तळ बशीसारखा असतो. पाणी उतरते तसा त्याचा पसारा आकसतो. पसारा खोलीच्या प्रमाणात कमी होतो आणि रोज तेवढेच पाणी सोडले जाते असे मानले, तर ६० व्या दिवशी सुमारे ८५ सेंटिमीटर पाणी उरते आणि ६९ व्या दिवसाच्या सुमारास तलाव रिता होतो. रेषा वक्र असून उत्तरोत्तर अधिक वेगाने खाली जाते. उन्हाळी धान लावावे की नाही, याचा निर्णय ज्याला करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने सरळ रेषा व वक्र रेषा यांतील हे अंतर केवळ शास्त्रीय नव्हे.

तथापि स्थानिक उदाहरण योजले म्हणजे कार्य झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. लिलियन मॅक्डरमॉट, मार्क रोझेनक्विस्ट व एमिली व्हॅन झी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, महाविद्यालयीन विद्यार्थीही रेषेची उंची व तिचा चढ यांची गल्लत करतात, असे दाखविले. रॉबर्ट बाइकनर यांच्या १९९४ सालच्या चाचणीतून, आलेखाला प्रत्यक्ष घटनेचे चित्र समजण्याची चूकही पुन्हा समोर आली. तलावाच्या बाबतीत हा मोह अधिकच बळावतो. वर्षभराच्या पातळीचा आलेख पावसाळ्यात चढतो, नंतर उतरतो. त्यात पाळीचा उंचवटा पाहणारा विद्यार्थी आढळल्यास नवल नाही. उदाहरण जितके डोळ्यांसमोरचे, तितके त्याचे चित्र आलेखावर आक्रमण करते.

म्हणून उपाय उदाहरणात नसून प्रश्नात आहे. माल्कम स्वॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉटिंगहॅमच्या शेल केंद्रातून १९८५ साली सिद्ध केलेल्या अध्यापनसाहित्यात आकड्यांवाचूनच्या आलेखांपासून आरंभ केला आहे आणि निरनिराळ्या आकारांची भांडी भरताना पाण्याची उंची कशी वाढेल हे विद्यार्थ्यालाच रेखाटावयास लावले आहे. तलावाची आडवी काटछाट आणि पातळी-काल आलेख शेजारी शेजारी काढून, एकाच्या कोणत्या अंगामुळे दुसरा वाकला, हे विद्यार्थ्याकडून शब्दांत वदवून घेणे हा त्याच मार्गाचा देशी अवलंब ठरेल. परीक्षेत प्रमाण, बिंदू व रेषा यांना गुण मिळतात. आलेखावरून कथन करण्यालाही ते मिळू लागतील, तेव्हाच वर्गातील शिक्षकाला या कथनासाठी वेळ काढणे परवडेल. तोपर्यंत आलेखाचा कागद नीटनेटका राहील आणि त्यावरील रेषा मात्र मुकी.