अंधारात लावलेले दिवे

1998 हे साल स्टेल्थ गेम्सचं होतं. त्या एका वर्षात जपानमधून ‘तेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ आले, माद्रिदच्या पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज’ आला आणि वर्ष सरता सरता अमेरिकेतल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ आणला. दिसेल त्याला गोळी घालत सुटायच्या त्या काळात या गेम्सनी खेळाडूला भिंतीला चिकटून गप्प उभं राहायला लावलं. पुढच्या पाव शतकात नव्या खेळाडूसाठी अशा जुन्या मालिका पुन्हा घडवण्याचे बरेच प्रयत्न झाले. त्यांचा ताळेबंद मांडायचा तर एक प्रश्न पुरतो: अडचण काढून टाकताना त्यांनी अंधारही काढून टाकला का?

स्टेल्थ गेम हा मुळात माहितीचा खेळ आहे. पहारेकऱ्याला काय कळलंय आणि त्याला काय कळलंय हे मला कितपत कळलंय, सगळी धाकधूक या दोन गोष्टींमधल्या फटीत असते. ‘थीफ’मध्ये ही फट फार विचारपूर्वक ठेवलेली होती. पडद्याच्या तळाशी एक मणी. तुमच्यावर उजेड पडला की तो उजळायचा. मशाल विझवायला पाण्याचे बाण, पावलांचा आवाज दाबायला शेवाळाचे बाण. गालिच्यावर चाललात तर कुणाला पत्ता नाही, संगमरवरावर किंवा लोखंडी जाळीवर चाललात तर अख्खा वाडा जागा. पहारेकरी संशय आला की मोठ्याने पुटपुटायचे आणि काही सापडलं नाही की स्वतःचीच समजूत घालून परत फिरायचे. वास्तवात कुठला पहारेकरी असा बोलत बसतो? पण त्या पुटपुटण्यामुळेच त्याच्या मनातलं तुम्हाला कळायचं, तेही नेमकं नाही, अंदाजाने. नकाशा म्हणजे हाताने काढलेला कच्चा आराखडा. सर्वांत कठीण पातळीवर माणूस मारायलाच बंदी, वर चोरायचा ऐवज जास्त. कठीण म्हणजे पहारेकऱ्यांचं रक्त वाढवणं नव्हे, हे त्या मंडळींनी तेव्हाच ओळखलं होतं.

लुकिंग ग्लास 2000 साली बंद पडली. 2014 मध्ये माँट्रियलच्या आयडॉसने ‘थीफ’ नव्याने आणला. नायक गॅरेटचा आवाज म्हणजे स्टीफन रसेल, तो बदलला. ते एक वेळ चाललं असतं. खरी गडबड ‘फोकस’ या नव्या शक्तीने केली. बटण दाबलं की चोरण्याजोग्या, चढण्याजोग्या, विझवण्याजोग्या सगळ्या वस्तू चमकायला लागतात. पट्टीतून दिसत असेल तर आंधळी कोशिंबीर कशाला खेळायची? ‘फोकस’ बंद करायची सोय होती, म्हणून काहींनी आयडॉसचं कौतुकही केलं. मला ते पटत नाही. जुन्या गेममध्ये दोराचा बाण कुठल्याही लाकडी तुळईत रुतायचा. नव्यात तो ठरवून दिलेल्या जागीच चालतो. उडीही मनात येईल तिथे मारता येत नाही, गेमला योग्य वाटेल तिथेच मारता येते. शहराचे तुकडे पाडलेले आणि ते खिडक्या उचकटण्याच्या प्रसंगांनी जोडलेले. अशा जगात ‘फोकस’ बंद केला की अंधार परत येत नाही, फक्त पाटी पुसली जाते. वाट तीच, एकुलती एक.

‘स्प्लिंटर सेल’ची कथा जरा गुंतागुंतीची आहे. 2002 च्या पहिल्या भागात उजेड मोजणारी पट्टी होती. 2005 च्या ‘केऑस थिअरी’ने तिच्या जोडीला आवाजाची पट्टी आणली, आणि तीही हुशारीने: भोवतालचा गोंगाट किती आणि तुमचा किती, हे दोन्ही दिसायचं. यंत्राच्या घरघरीत धावलात तरी कुणाला ऐकू जात नसे. मग 2010 चा ‘कन्व्हिक्शन’ आला. एकाला हातांनी लोळवलं की त्याच्या बदल्यात दोन-तीन जणांवर खूण करायची आणि एका बटणात सगळे आडवे. प्रेतं हलवायची सोयसुद्धा काढून टाकली. जुन्या चाहत्यांनी आरडाओरडा केला, तो बराचसा रास्त होता. पण त्याच गेममधल्या एका कल्पनेकडे त्यांचं दुर्लक्ष झालं. शत्रूने तुम्हाला शेवटचं जिथे पाहिलं तिथे तुमची एक पांढुरकी आकृती उमटते. सगळे तिच्यावर गोळ्या झाडत असतात आणि तुम्ही वळसा घालून मागून येता. शत्रूचा गैरसमज डोळ्यांना दाखवणारी ही युक्ती आहे. ‘फोकस’ जगाची उत्तरं सांगतो. ही आकृती फक्त शत्रूच्या डोक्यात काय चाललंय ते सांगते. नव्या खेळाडूला मदत द्यावी तर अशी.

‘मेटल गिअर’ने मात्र उलटा धडा घालून दिला आहे, आणि तोही दोनदा. 2004 साली गेमक्यूबसाठी 1998 च्या गेमची ‘द ट्विन स्नेक्स’ ही नवी आवृत्ती निघाली. तिच्यात पुढच्या भागातली, नायकाच्या डोळ्यांनी पाहून नेम धरण्याची सोय आणली. खोल्या आणि लढतींची बांधणी जुनीच ठेवली. वरून पाहत खेळण्यासाठी रचलेल्या लढती मग पोरखेळ झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये कोनामीने ‘स्नेक ईटर’ (मूळ 2004) अनरिअल इंजिन 5 वर नव्याने आणला. जंगल अप्रतिम दिसतं. आवाज मूळ ध्वनिमुद्रणातलेच. खांद्यामागचा कॅमेरा आणि नवी नियंत्रणं आहेत, हवी असतील तर जुनीही आहेत. पण पहारे आणि वाटा 2004 च्याच, जंगलाचे तुकडेही तेच. नव्या नेमबाजीने गुंगीची गोळी कपाळात मारणं सोपं होतं आणि अर्धा गेम झोपलेल्या सैनिकांमधून चालत जाण्यात संपतो. मालिकेचे कर्ते कोजिमा 2015 मध्येच कोनामी सोडून गेले. त्यांच्या मागे कुणाला काही हलवायचं धाडस झालं नसावं. देवघरातल्या मूर्तीला नवा मुलामा दिला, एवढंच.

म्युनिकच्या मिमिमी स्टुडिओने कुठल्याही नावाजलेल्या मालिकेच्या आधाराशिवाय, ‘कमांडोज’चा साचा घेऊन 2016 मध्ये ‘शॅडो टॅक्टिक्स’ केला. त्यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. शेवटचं सेव्ह करून किती वेळ झाला, हे पडद्यावर दिसत राहतं. एक मिनिट लोटलं की गेम आठवण करून देतो. चुकलात तर मिनिटभराचंच नुकसान, म्हणून प्रयोग करा, असा त्याचा अर्थ. ज्याला लोक ‘जुना गेम कठीण’ म्हणतात तो पुष्कळदा कठीण नसतो, वेळखाऊ असतो. आपल्याकडच्या सायबर कॅफेतल्या पिढीने ‘प्रोजेक्ट आयजीआय’मध्ये याची चव घेतली आहे: मिशनच्या मध्ये सेव्ह नाही, शेवटच्या इमारतीत गोळी लागली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून. नव्या पिढीसाठी हा छळ काढलाच पाहिजे. पण पुढच्या वळणावर काय आहे याची भीती मात्र तशीच राहिली पाहिजे. दुर्दैवाने मिमिमी 2023 मध्ये बंद झाली.

हे गणित सर्वांत चांगलं सोडवलं ते कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने, वेश बदलत फिरणाऱ्या मारेकऱ्याच्या ‘हिटमॅन’ मालिकेत, तेही आधी एकदा फसून. 2012 च्या ‘अ‍ॅब्सोल्यूशन’मध्ये नियम असा होता की एकाच गणवेशातली सगळी माणसं तुमचं सोंग ओळखतात. मग सोंग घ्यायचं कशासाठी? 2016 पासून त्यांनी मालिका नव्याने उभारली. प्रत्येक ठिकाण मोठं आणि पुन्हा पुन्हा खेळायचं. पहिल्या खेपेला ‘मिशन स्टोरी’ बोट धरून नेते. ती मदत पूर्ण ठेवा, थोडी ठेवा, नाहीतर बंद करा. एखादं ठिकाण जितकं हाताखालून जाईल तितक्या नव्या जागा, नवे वेश, नवी हत्यारं खुली होतात. नवखा आणि मुरलेला खेळाडू एकाच शहरात वावरतात, पण वेगवेगळ्या गेममध्ये.

2018 च्या ‘हिटमॅन 2’मधली मुंबई हा याचा उत्तम नमुना. तीन सावजं: सिनेनिर्माता दाऊद रंगन, वस्तीवर राज्य करणारी वान्या शहा आणि चाच्यांचा म्होरक्या वझीर काळे. यातला काळे नेमका कोण हे गेम सांगतच नाही. गर्दीतून त्याला शोधून काढायचं. त्या भागात गर्दी हीच सावली आहे, माणसांत मिसळलात की दिसेनासे होता. दुसरा एक मारेकरीही त्याच कामावर आहे आणि त्याच्या हातून आपलं काम करवून घेता येतं. (काळे आडनावाचा खलनायक आहे, पण पात्रं बोलतात इंग्रजीच. आपण आडनावावर समाधान मानायचं.) दूर कुठे प्रेत सापडलं तर पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडते. पुन्हा तीच गोष्ट: शत्रूला काय कळलं ते दाखवा, भिंतीपलीकडचं सगळं उघडं पाडू नका. खटकतं ते सतत इंटरनेटला जोडलेलं राहण्याचं जोखड. 2021 मध्ये त्यावरून एवढी ओरड झाली की जीओजी या दुकानातून 2016 चा भाग काढून घ्यावा लागला.

बाकी जुन्या गेम्सच्या जतनाचं काम चाहत्यांनीच उचललंय. 2012 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका पॅचमुळे जुना ‘थीफ’ आजच्या संगणकावर नीट चालतो. ‘थीफ’च्या धर्तीवर चाहत्यांनी केलेला ‘द डार्क मॉड’ फुकट मिळतो. 2023 मध्ये, मूळ गेमला 25 वर्षं झाली तेव्हा, ‘द ब्लॅक परेड’ ही चाहत्यांनी रचलेली नवी मोहीम आली आणि ती 2014 च्या अधिकृत गेमपेक्षा कितीतरी सरस आहे.

‘स्प्लिंटर सेल’च्या रिमेकची घोषणा युबिसॉफ्टने डिसेंबर 2021 मध्ये केली. टोरांटोच्या चमूने त्यात ‘केऑस थिअरी’च्या दोन पट्ट्या ठेवाव्यात, ‘कन्व्हिक्शन’ची पांढुरकी आकृती घ्यावी आणि खुणा करून माणसं मारण्याचं बटण विसरावं. तोवर ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांनी ‘हिटमॅन’च्या मुंबईपासून सुरुवात करावी, एकदा मिशन स्टोरी चालू ठेवून आणि मग बंद करून. ‘थीफ’ घ्यायचा झाला तर 1998 चाच घ्या. 2014 चा सवलतीत मिळाला तरी नको.