गोरोबांची थापटी आणि आपलं संमेलन

10 ते 12 जानेवारी 2020 या तीन दिवसांत आपल्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठीचं दुखणं घेऊन आले आणि तरीही निर्भीडपणे बोलले. संमेलनाचं मोल तिथं होतं. नगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं, आपल्या तेरच्या कुंभाराचं. आख्यायिका अशी, की त्यांनी थापटीनं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव आधी रुसले. मग विसोबा खेचरांकडे गेले, पक्के झाले. आपल्या संमेलनांत मात्र सत्कारांवर सत्कार होतात, थापटी कुणी उचलत नाही. ती उरलीय पुस्तकांच्या स्टॉलवर. तिथला वाचक चार पानं चाळतो, खिसा चाचपतो आणि पुस्तक घेतो, नाहीतर परत ठेवतो. खरी समीक्षा तीच!